मृगयावाङ्मयातील एक कबुलीजबाब

मृगया हा आपल्या वाङ्मयाचा फार जुना विषय आहे. ‘शाकुंतला’चा आरंभ होतो तो धनुष्याला बाण लावून हरिणामागे धावणाऱ्या राजाच्या दर्शनानेच, आणि त्या क्षणी आश्रमातील तपस्वी मध्ये पडला नसता तर नाटकाचे पुढे काय झाले असते, हा प्रश्न आमच्या वर्गातील कोणी ना कोणी खट्याळ विद्यार्थी दरवर्षी विचारल्यावाचून राहत नाही. त्या प्रवेशात मारणारा आहे, मरू घातलेला आहे, आणि मरू घातलेल्याची बाजू मांडणारा तपस्वीही आहे. परंतु त्याच हरिणावर राजाच्याही आधीपासून ज्याचा हक्क चालत आला, असा चौथा पक्ष त्या वादात कोठेच नाही. पुढे जगातील मृगयावाङ्मय पुष्कळ वाढले, तरी ही उणीव बहुतेक ठिकाणी तशीच राहिली. शिकारी आणि सावज असे द्वंद्व कल्पून लेखक मोकळे झाले. ज्या रानात ते द्वंद्व चालते तेथे पूर्वीपासून शिकार करीत आलेल्या श्वापदाला त्यांनी एक तर राक्षस ठरविले, नाही तर अजिबात विसरून टाकले.

लांडग्याच्या वाट्याला तर हे राक्षसपण अधिकच आले. वृक हा वेदकाळापासून भीतीचा विषय. भीमाला वृकोदर म्हटले ते त्याच्या भुकेचे माप सांगण्यासाठी. अनेकांनी मिळून एकावर तुटून पडावे, त्याला आपण मराठीत लांडगेतोड म्हणतो. आणि लांडगा आला म्हणून खोटे ओरडणाऱ्या पोराची गोष्ट ऐकल्यावाचून आपल्यापैकी कोणी लहानाचा मोठा झालेला नाही. अशा संस्कारांत वाढलेल्या वाचकाच्या हाती आल्डो लिओपोल्ड या अमेरिकन ग्रंथकाराचा ‘पर्वताप्रमाणे विचार करणे’ या अर्थाच्या मथळ्याचा निबंध पडला, म्हणजे त्याची जी अवस्था होते तिचा अनुभव आम्ही घेतला आहे. निबंध जेमतेम पाच पानांचा आहे. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या ग्रंथात तो समाविष्ट आहे. त्याची कीर्ती आता इतकी झाली आहे की, त्याच्याविषयी आदरावाचून दुसरे काही बोलणे औचित्याला सोडून होईल की काय असा संकोच वाटतो. तथापि नुसता आदर हे टीकाकाराचे काम नव्हे. या निबंधात खरे मोठेपण कशात आहे आणि त्याची मर्यादा कोठे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ग्रंथकाराचा थोडा परिचय आवश्यक आहे. लिओपोल्डचा जन्म १८८७ साली आयोवा प्रांतातील बर्लिंग्टन येथे झाला. येल विद्यापीठात वनविद्येचे शिक्षण पुरे करून १९०९ साली तो सरकारी वनखात्यात शिरला, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी ॲरिझोनातील अपाची अरण्यात त्याची नेमणूक झाली. पुढे १९३३ साली वन्य सावजांच्या संगोपनाच्या विषयावर त्याचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात तो त्या विषयाचा अध्यापक झाला. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील गवताला लागलेली आग विझविण्यास तो गेला असता हृदयविकाराने तेथेच त्याचा अंत झाला. प्रकाशकांनी ग्रंथ स्वीकारल्याची वार्ता त्याला आठवडाभर आधीच मिळाली होती, इतकेच काय ते समाधान. एक गोष्ट मात्र प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे. हा मनुष्य जन्मभर शिकारी होता. त्याने मृगया कधी सोडली नाही. उलट धनुष्यबाण स्वतः घडवून तो हरिणांच्या मागे हिंडत असे. तेव्हा प्रस्तुत निबंध म्हणजे अहिंसेची दीक्षा घेतलेल्या कोणा साधूचे प्रवचन आहे, अशी समजूत करून घेतल्यास त्यातील मर्म हातचे निसटेल.

निबंधाची मांडणी साधी आहे. रात्री डोंगरावर लांडग्याचा आर्त आणि उद्दाम स्वर उठतो. तो ऐकून प्रत्येकजण आपापला अर्थ काढतो. हरिणाला त्यात आपल्या नश्वर देहाची आठवण होते, पाइन वृक्षाला बर्फावरील रक्ताची चाहूल लागते, कायोटी या लहान श्वापदाला उष्ट्याची आशा दिसते, गुरांच्या धन्याला जमाखर्चातील तूट दिसते आणि शिकाऱ्याला आव्हान ऐकू येते. या सर्वांमागे जो अर्थ आहे तो मात्र एकट्या पर्वतालाच उमगतो, कारण तो स्वर निर्विकारपणे ऐकण्याइतके दीर्घ आयुष्य त्यालाच लाभले आहे. यानंतर लेखक आपल्या तारुण्यातील एक प्रसंग सांगतो. दुपारच्या जेवणाला तो सोबत्यांसह कड्यावर बसला असता खाली नदी ओलांडून येणारा प्राणी दिसला. प्रथम ती हरिणी वाटली. मग ती लांडगी आहे हे कळले, आणि पाच-सहा वाढलेली पिल्ले शेपट्या हालवीत सामोरी आली. त्या काळी लांडगा दिसला आणि बंदूक चालली नाही, असे कोठे घडत नसे. सर्वांनी नेम धरण्याचीही फिकीर न करता गोळ्या झाडल्या. लांडगी पडली. ती मरण्यापूर्वी लेखक तिच्यापाशी पोहोचला, आणि तिच्या डोळ्यांतील हिरवट तेज मालवताना त्याने पाहिले. लांडगे कमी म्हणजे हरिणे अधिक, आणि लांडगे मुळीच नाहीत म्हणजे शिकाऱ्याचा स्वर्ग, असा त्याचा तेव्हाचा हिशेब होता. त्या डोळ्यांना तो हिशेब मान्य नव्हता. निबंधाच्या उत्तरार्धात तो स्वर्ग प्रत्यक्ष कसा निघाला ते सांगितले आहे. एकामागून एक प्रांतांनी लांडगे संपविले; हरिणे माजली; त्यांनी झुडुपे आणि कोवळी रोपे खोगिराच्या उंचीपर्यंत ओरबाडून खाल्ली; आणि शेवटी त्याच हरिणांच्या उपासमारीने पांढऱ्या पडलेल्या अस्थी डोंगरावर पसरल्या.

या लेखनाचा पहिला गुण असा की, लेखकाने लांडग्याला कोणताही सद्गुण चिकटविलेला नाही. याचे महत्त्व समजण्यासाठी आम्ही एक तुलना सुचवितो. हा निबंध लिहिला गेला १९४४ च्या एप्रिलमध्ये; त्याच वर्षी आपल्याकडे जिम कॉर्बेटचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ प्रसिद्ध झाले. दोघेही निष्णात शिकारी, दोघेही श्वापदांचे कैवारी झाले. परंतु कॉर्बेट वाघाचा कैवार घेतो तो त्याच्या स्वभावाची ग्वाही देऊन. वाघ थोर मनाचा आहे. जखम किंवा वार्धक्य यांनी अगतिक झाल्यावाचून तो मनुष्यावर उठत नाही, हा त्याचा युक्तिवाद आहे. हा एखाद्या चांगल्या वकिलाचा युक्तिवाद झाला. वकील अशिलाचे शील सिद्ध करतो आणि निर्दोष सुटका मागतो. लिओपोल्ड यांपैकी काही करीत नाही. लांडगा हरिणे मारतो, आणि तो मारतो म्हणूनच पाहिजे, हे त्याचे म्हणणे आहे. ज्या कृत्यासाठी त्याला आरोपी केले तेच त्याच्या सुटकेचे कारण ठरते. मृगयावाङ्मयात ही भूमिका अपूर्व आहे असे आम्हांस वाटते, आणि कॉर्बेटविषयी आमचा आदर यत्किंचितही कमी न करता ही भूमिका अधिक खोल आहे असेही वाटते. शीलवान प्राण्यावर दया करणे सोपे आहे. ज्याच्या दातांना आपले सावज लागते त्याचे अस्तित्व मान्य करणे अवघड.

दुसरा गुण कबुलीचा. लेखकाचा एक शिष्य, अल्बर्ट हॉखबाउम नावाचा चित्रकार व पक्षिशास्त्रज्ञ, याने त्याची हस्तलिखिते वाचून स्पष्ट कळविले होते की, या लेखनात तुम्ही स्वतः कधी चुकलाच नाहीत असा भास होतो. लांडग्यांच्या नाशात तुमचाही हात होता, ते कोठे आहे? या टोचणीतून प्रस्तुत निबंध जन्मास आला. शिष्याने गुरूस असे लिहावे आणि गुरूने रागावण्याऐवजी बसून हा निबंध लिहावा, यात दोघांचीही थोरवी आहे. आम्हीही तीसएक वर्षे अध्यापन करीत आहोत. असे पत्र आम्हांस आले असते तर आमचे उत्तर काय असते, हे आम्ही येथे लिहीत नाही.

परंतु येथेच पहिली शंका उपस्थित होते. निबंध वाचून सामान्य वाचकाच्या मनावर असा ठसा उमटतो की, त्या मरणाऱ्या डोळ्यांत पाहताच तरुण शिकाऱ्याचे हृदयपरिवर्तन झाले. वस्तुस्थिती तशी नाही. लांडगी मारली १९०९ साली. त्यानंतर कितीतरी वर्षे हाच लेखक न्यू मेक्सिकोत शिकाऱ्यांच्या संघटना उभारून लांडगे व प्यूमा यांचा समूळ उच्छेद करावा असा प्रचार करीत होता. १९२० च्या सुमारासदेखील शेवटचा लांडगा पकडला जाईपर्यंत कार्य पुरे झाले असे मानू नये, हेच त्याचे मत होते. परिवर्तन झाले ते हळूहळू: उजाड डोंगर पाहून, उपाशी हरिणे मोजून, आणि १९३५ साली जर्मनीतील शिस्तबद्ध, श्वापदहीन वने हिंडून. म्हणजे डोळ्यांतील ते तेज मालवले तेव्हा त्याचा अर्थ त्याला कळला नव्हता. अर्थ कळण्यास पस्तीस वर्षे लागली, आणि मग त्या अर्थाने जुन्या आठवणीस प्रकाश दिला.

हा अप्रामाणिकपणा आहे काय? आमचे मत, नाही. निबंध बारकाईने वाचल्यास, त्या डोळ्यांत आपल्याला अज्ञात असे काही होते एवढेच लेखक म्हणतो. तत्काळ पश्चात्ताप झाला असे तो कोठेही म्हणत नाही. परंतु मधली पस्तीस वर्षे त्याने दोन वाक्यांच्या फटीत दडपली, हेही तितकेच खरे. वाङ्मयाच्या दृष्टीने हा संक्षेप समर्थनीय आहे. नीतीच्या दृष्टीने मात्र वाचकाची एक हानी होते. मनुष्य एका क्षणात सुधारत नसतो. चूक उघड्या डोळ्यांनी पाहूनही तो ती दहावीस वर्षे तशीच चालवितो. ती दहावीस वर्षे निबंधात असती तर निबंध कमी सुंदर झाला असता, पण आपणा सर्वांच्या अधिक जवळचा झाला असता.

दुसरी शंका शास्त्रीय आहे. लांडगे गेले, हरिणे माजली, रान उजाड झाले, या कार्यकारणमालिकेस आधार काय? निबंधात स्थळाचे नाव नाही. परंतु लेखकाच्या अन्य लेखनावरून ॲरिझोनातील कायबाब पठार त्याच्या डोळ्यांपुढे होते हे दिसते. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हे पठार सावजांसाठी राखीव केले. हरिणांच्या शिकारीस मनाई झाली आणि श्वापदांच्या शिकारीस सरकारी माणसे नेमली गेली. १९०६ ते १९३१ या काळात तेथे ७८१ प्यूमा, ४,८८९ कायोटी, ५५४ रानमांजरे आणि ३० लांडगे मारल्याची नोंद आहे. आरंभी अंदाजे ४,००० असलेली हरिणे १९२४ च्या सुमारास किती झाली याविषयी एकमत नाही. कोणी ३०,००० म्हणतो, कोणी १,००,०००. मग उपासमार सुरू झाली. त्या वर्षीच्या डिसेंबरात घोडेस्वार व पायी चालणारे नावाहो लोक यांच्या रांगा लावून, गुरांच्या घंटा वाजवीत, हजारो हरिणे ग्रँड कॅन्यनच्या दरीतून पलीकडे हाकून नेण्याचा एक विलक्षण प्रयत्न झाला. प्रसिद्ध कादंबरीकार झेन ग्रे तो सोहळा पाहण्यास हजर होता. हिमवादळ आले, रांग मोडली, आणि हरिणे हाकणाऱ्यांच्या मधून उलट दिशेने निघून गेली. एकही पलीकडे पोहोचले नाही. पुढे संयुक्त सरकारने हरिणे मारण्यास आरंभ केला, प्रांतिक सरकारने त्यास हरकत घेतली, आणि १९२८ साली सर्वोच्च न्यायालयास संयुक्त सरकारच्या बाजूने निवाडा द्यावा लागला. ज्या हरिणांना वाचविण्यासाठी पंचवीस वर्षे श्वापदे मारली त्याच हरिणांना मारण्याचा अधिकार कोणाचा, यासाठी दोन सरकारे न्यायालयात भांडली, याहून मोठा उपरोध कोणत्या नाटककाराला सुचला असता?

तथापि १९७० साली ग्रेम कॉफली या शास्त्रज्ञाने या कथेवर कठोर टीका केली. हरिणांचे आकडे भरवशाचे नाहीत, आणि त्याच काळात पठारावरील मेंढ्या व गुरेही कमी करण्यात आली होती, तेव्हा हरिणे वाढली ती चारा मोकळा झाल्यामुळे नव्हेत कशावरून, असा त्याचा प्रश्न होता. पाठ्यपुस्तकांतून ही कथा त्यानंतर नाहीशी होऊ लागली. पुढे २००६ साली काही संशोधकांनी त्या पठारावरील ॲस्पेन वृक्षांची वये तपासली, तेव्हा हरिणांच्या त्या भराच्या वर्षांत उगवलेली झाडे जवळजवळ टिकलीच नाहीत असे आढळले. म्हणजे लिओपोल्डचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. यलोस्टोन उद्यानात १९९५ व १९९६ साली कॅनडातून आणलेले लांडगे सोडल्यावर ओढ्याकाठची झाडे पुन्हा वाढली, अशी वार्ता सर्वतोमुखी झाली. परंतु तेथेही, लांडगा परतला म्हणजे रान पूर्ववत होतेच असे नाही, असे वीस वर्षे चाललेल्या एका प्रयोगावरून २०२४ साली दाखविण्यात आले. सारांश, निसर्ग ही त्रैराशिकाची मांडणी नव्हे. कायबाबच्या यादीत लांडगे अवघे ३० आणि प्यूमा त्यांच्या पंचवीसपट, ही गोष्टही सूचक आहे. लिओपोल्डने लांडगाच निवडला, कारण प्यूमा असा रात्री सामुदायिक आक्रोश करीत नाही. निबंधकाराला स्वर हवा होता. त्याबद्दल आम्ही त्यास दोष देत नाही. वाचकाने मात्र हे ओळखून असावे.

आता शिकाऱ्याचा प्रश्न. हा निबंध निवांत एकांतात लिहिलेला वाटतो, पण तो भर वादळात लिहिलेला आहे. १९४३ साली लिओपोल्ड विस्कॉन्सिनच्या निसर्गरक्षण मंडळाचा सदस्य होता. हरिणे चाऱ्याच्या मानाने फार झाली आहेत, माद्याही मारल्या पाहिजेत, असा आग्रह त्याने धरला; आणि त्या वर्षी प्रांतात सव्वा लाखाहून अधिक हरिणे मारली गेली. लोक खवळले. त्या हंगामास गुन्ह्याचे नाव मिळाले, आणि लिओपोल्डवर आग पाखडण्यासाठी एक स्वतंत्र वृत्तपत्र निघाले. त्यानंतर काही महिन्यांतच हा निबंध लिहिला गेला. ही पार्श्वभूमी ठाऊक असली म्हणजे निबंधातील पर्वत हा केवळ अलंकार राहत नाही; सभेत ओरडणाऱ्या जमावास दिलेले ते उत्तर ठरते. लांडगा गेल्यावर त्याचे काम आपल्यावर आले आहे, आणि ते काम आपणास नीट करता येत नाही, हे शिकाऱ्यांना त्याला सांगावयाचे होते.

तो वाद आजही मिटलेला नाही. १९६० च्या सुमारास विस्कॉन्सिनमधील लांडगे नामशेष झाले. १९७५ च्या आगेमागे मिनेसोटातून ते आपल्या पायांनी परत आले. आता त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. लांडगे आमची हरिणे खातात, ही उत्तरेकडील शिकाऱ्यांची तक्रार आहे. एक लांडगा वर्षाला सरासरी वीस हरिणे मारतो असे धरले तर एकूण आकडा वीस हजारांच्या घरात जातो; शिकारी स्वतः दरवर्षी तीन लाखांच्या आसपास मारतात. एवढ्यावरून शिकाऱ्यास वेडा ठरविणे अन्यायाचे होईल. कारण लांडगे उत्तरेकडच्या दाट अरण्यांत राहतात आणि हरिणांची गर्दी दक्षिणेकडील शेतीच्या मुलखात आहे. ज्याची पिढीजात झोपडी उत्तरेस आहे त्याला प्रांताची सरासरी सांगून काय उपयोग? परंतु तेथेही कडक हिवाळा हा लांडग्याहून मोठा शत्रू आहे. आणि लांडग्यांच्या मुलखात हरिणे सावध होतात, मोकळ्या वाटा टाळतात, म्हणून ती संख्येने असतात त्याहून कमी दिसतात. याच सावधपणाचा दुसरा परिणाम २०२१ साली प्रसिद्ध झाला: ज्या तालुक्यांत लांडगे आले तेथे मोटारी व हरिणे यांच्या टकरी सरासरीने २४ टक्क्यांनी घटल्या. शिकाऱ्याला जे हरीण दिसले नाही, त्याने कदाचित कोणा प्रवाशाचे प्राण वाचविले असतील.

त्याच वर्षी फेब्रुवारीत या प्रांतात लांडग्यांची शिकार खुली झाली. ठरलेल्या २०० पैकी ८१ लांडगे ओजिब्वे या मूळच्या रहिवाशांच्या वाट्याचे होते; लांडग्याला भाऊ मानणाऱ्या त्या लोकांनी आपला वाटा मारला नाही. उरलेल्या ११९ च्या जागी इतर शिकाऱ्यांनी तीन दिवस पुरे होण्यापूर्वीच २१८ मारले. पुढील वर्षी न्यायालयाने लांडग्यांचे संरक्षण पुन्हा लागू केले. लिओपोल्डच्या कर्मभूमीत, त्याच्या मृत्यूनंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी, नेम धरण्याची फिकीर न करता गोळ्या झाडण्याचा तो जुना आवेग जसाच्या तसा जिवंत होता.

येथपर्यंत आम्ही निबंधाच्या बाजूनेच बोलत आलो आहोत. परंतु आमच्या वर्गात घडलेला एक प्रसंग सांगितल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. काही वर्षांपूर्वी हा निबंध शिकवीत असता, शेवटच्या बाकावरचा एक अबोल विद्यार्थी उभा राहिला. तो सोलापूरकडील धनगर कुटुंबातला. तो म्हणाला, “सर, पर्वताला विचार करायला काय जातंय? मेंढरू तर आमचं जातंय.” वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि तास संपल्याची घंटा झाली याचे आम्हांस बरे वाटले. पुढे मात्र त्या वाक्याने आमचा पिच्छा सोडला नाही.

तो विद्यार्थी ज्या मुलखातून आला तेथे हा प्रश्न पुस्तकी नाही. दख्खनच्या माळावर काळवीट आणि लांडगा यांचा संबंध फार जुना आहे. पूर्वी तेथे तिसरा शिकारी चित्ता होता. तो रानातून नाहीसा झाल्यावर कोल्हापूरच्या संस्थानिकांनी बाहेरून चित्ते आणून काळविटांची मृगया चालविली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट व लांडगा या दोहोंची शिकार बंद झाली. १९७९ साली नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, त्याच्या आश्रयाने काळविटेही वाढली. आज तेथे बंदूकधारी शिकारी नाही. आहे तो शेतकरी, ज्याचे पीक काळवीट खातो. आणि मेंढपाळ, ज्याचे कोकरू लांडगा नेतो. लांडग्याच्या आहारात काळवीट, ससे, उंदीर यांच्या जोडीला शेळ्यामेंढ्या असतातच. सरकार भरपाई देते. पण आज या गावच्या शिवारात आणि उद्या पुढच्या, अशा वाटचालीत असलेल्या धनगराने पंचनाम्यासाठी थांबावयाचे कोठे, आणि तोवर कळप सांभाळावयाचा कोणी?

लिओपोल्डच्या निबंधात या माणसाला जागा आहे ती फक्त जमाखर्चातील तुटीपुरती. गुरांच्या धन्याने लांडगे मारले म्हणजे कळप आटोक्यात ठेवण्याचे लांडग्याचे काम आपल्या अंगावर येते हे त्याला कळत नाही, एवढे सांगून लेखक पुढे जातो. अमेरिकेतील शेकडो गुरांच्या मालकास हा उपदेश शोभतो. ज्याची सगळी दौलत चाळीस मेंढरांत आहे, त्याला तो कसा लागू करावयाचा? पर्वताचे आयुष्य मोठे, म्हणून तो निर्विकार राहू शकतो. मनुष्याला मुलीचे लग्न या वैशाखात करावयाचे असते. या निबंधाची खरी मर्यादा आम्हांस येथे दिसते. विचार पर्वतासारखा करण्यास लेखक सांगतो, पण त्याची किंमत कोणी द्यावयाची याविषयी तो मौन पाळतो.

मग निबंध फेकून द्यावा काय? वर्षभर विचार करून आम्ही त्या विद्यार्थ्यास बोलावले आणि सांगितले की, तुझा आक्षेप खरा आहे, पण तो निबंधाचे खंडन करीत नाही. तो त्याचा पुढचा परिच्छेद आहे. लांडगा माळावर असावा, हे ठरविणारे आपण शहरातले लोक; तर त्याचे भाडेही आपणच भरले पाहिजे, आणि तेही धनगराने दहा खेटे घालण्यापूर्वी. त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने सांगितले की, त्याचे आजोबा लांडग्याला शिव्या देत, रात्रभर जागत, कुत्री पाळत. पण कोणी विष घालू लागला तर त्यांना ते खपत नसे. लांडग्याचा वाटा हा माळाचाच वाटा, असे ते म्हणत. का, हे त्यांनी कधी सांगितले नाही, आणि यानेही विचारले नाही.

आम्हांस वाटते, लिओपोल्ड पस्तीस वर्षांनी ज्या ठिकाणी पोहोचला त्याच्या आसपास तो म्हातारा आधीपासून उभा होता, आणि नुकसान स्वतः सोशीत उभा होता. फरक इतकाच की, एकाने ते लिहून ठेवले. ‘पर्वताप्रमाणे विचार करणे’ हा निबंध वाचकांनी अवश्य वाचावा. त्यातील कबुली प्रांजळ आहे, दृष्टी दूरची आहे आणि गद्य निर्मळ आहे. परंतु त्याचा उरलेला भाग अद्याप लिहावयाचा आहे. तो लिहिण्याचा अधिकार प्राध्यापकांना नाही. आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्ही तसे सांगितले आहे, आणि त्याच्या लेखाची वाट पाहत आहोत.